मालकाची वाटी

"पोपटी, खाट हलव गो. एका बाजूनं मी धरते."

टोपली दाराशी उतरवून विठा आत शिरलीसुद्धा. पोपटी मात्र जागची हलली नाही. एरवी विठाची हाक आली की ती पापडाचं लाटणं टाकून उठायची. आज नुसती दाराकडे बघत राहिली.

"विठा, आज नको. आज मोजणीवाला आयेगा. वो मना करके गये."

'वो' म्हणजे तिचा नवरा टेकचंद. माणूस वाईट नव्हता, पण काळजी करायला त्याला कारण लागत नसे, आणि आज तर चांगलं भक्कम कारण होतं. त्याची ही बराकीतली टोकाची खोली विठाच्या शेतात उभी होती.

लढाईच्या वर्षांत लष्करी छावणीसाठी जमिनी घेतल्या गेल्या, त्यात विठा आणि तिचा नवरा बुधाजी यांचं शेतही गेलं. लढाई संपली की परत मिळेल, असं बुधाजीला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते त्यालाही धड आठवत नव्हतं. लढाई संपली, गोरे सोजीर गेले, आणि रिकाम्या बराकींत फाळणीत सिंधमधून घरंदारं सोडून आलेली माणसं उतरली. बुधाजी वाट बघतच गेला. जाताना विठाला बजावून गेला, "कदी कुनी सरकारी मानूस फीत घिऊन आला, तर गप बसू नको. सांग त्याला, शेत आमचं हाय." विठा मुलाला, नाथाला, घेऊन बदलापूरला मांजर्लीत राहायला गेली आणि दुसऱ्याचं शेत वाट्याने करू लागली.

पण शेत गेलं म्हणून शेताचा राखणदार थोडाच जातो? तो एक बिनघडीव धोंडा, बांधाच्या कोपऱ्यात पुरलेला. विहीर आणि चिंच अजून जागेवर होत्या. त्यांच्या अंदाजाने विठाने कोपरा हुडकला, तर तो निघाला नेमका टेकचंदच्या खाटेखाली! भात झोडून झालं की धोंड्याला नारळ आणि नव्या भाताची मूठ द्यायची आणि म्हणायचं, "राख रे बाबा, बुधाजीचं शेत." त्याआधी घरात नवा तांदूळ शिजत नाही. नारळाची एक वाटी धोंड्यापाशी ठेवायची, दुसरी शेताच्या मालकाने घरी न्यायची. सोबत कुणी पाहुणा असला, तर त्याला मालकाच्या वाटीतला तुकडा.

पहिल्या वर्षी कुंकू लावलेला नारळ बघून पोपटीला ती करणी वाटली. तिने तो उचलून गटारात फेकला. मग दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, एकीचं दुसरीला अक्षर कळत नसताना. भांडता भांडता विठाला रडू फुटलं आणि पोपटीला काय वाटलं कोण जाणे, तीही रडायला लागली. सिंधमधल्या शिकारपूरच्या तिच्या अंगणात सांजेला दिवा लावायचा कोनाडा होता. तिथे आता कोण दिवा लावत असेल, हे तिने विठाला हातवाऱ्यांनी विचारलं. तेव्हापासून खाट दोघी मिळून हलवत.

मधल्या वर्षांत बराकीने रूप पालटलं. गोणपाटाचे आडपडदे जाऊन फळ्या आल्या, फळ्या जाऊन विटा. अंबरनाथला कारखाने वाढले, कामगारांना सदरे लागू लागले, तशी रस्त्याकडेच्या खोल्यांना दुकानांची दारं फुटली. नाथाचाही काड्यापेटीच्या कारखान्यात जाताना घालायचा सदरा इथलाच होता. जिथे कुणी नाइलाजाशिवाय राहत नव्हतं, त्या खोल्या विकत घ्यायला आता लोक टेकचंदसारख्यांकडे खेटे घालत. आणि सरकार त्या राहणाऱ्यांच्या नावावर करून देणार होतं. ऐन मोजणीच्या दिवशी जुनी मालकीण दारात उभी राहिली, तर खोली अडकेल, ही टेकचंदची भीती.

"मी उद्या आले असते," विठा म्हणाली, "पर भात काल झोडलं. पोर नव्या भाताची वाट बघतंय."

पोपटी उठली. मग तिने पदर खोचला आणि खाटेची एक बाजू धरली.

विठाने कोपरा सारवला, भाताची मूठ ठेवली, नारळ फोडला. इतक्यात दारातून टेकचंदचा आवाज आला, "आइये साब, आइये," आणि तो तिथेच अडखळला. मागे मोजणीदार होता, हातात फीत घेतलेला.

"हे काय चाललंय?" मोजणीदाराने विचारलं. "बाई, तुम्ही इथल्याच ना? ही जागा कुणाची?"

सवाल अगदी बुधाजीने सांगितला होता तसाच आला. उत्तरही विठाच्या ओठांवर होतं. तिने मान वर केली आणि तिला टेकचंद दिसला. तोंडचं पाणी पळालेलं, हात छातीपाशी जोडलेले. हा चेहरा तिने आधी पाहिला होता. बुधाजी असाच दारात बसायचा. विठाला त्याची फार दया आली, दोघांचीही.

ती धोंड्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "राख रे बाबा, पोपटीचं घर."

मग मोजणीदाराला सांगितलं, "जागा यांची हाय, सायेब. मी पाव्हनी. हिची भैन."

मोजणीदार हसला, त्याने फीत सोडली आणि तिचं टोक टेकचंदच्या हातात दिलं. टेकचंदने ते भिंतीच्या कोपऱ्याशी नेऊन टेकवलं.

विठाने एक वाटी कोपऱ्यात ठेवली. दुसरी घेऊन ती बाहेर आली. टोपलीपाशी वाकली, पण वाटी टोपलीत टाकली नाही. मागोमाग आलेल्या पोपटीच्या हातावर ठेवली.

"ये तो तेरी है," पोपटी म्हणाली. "मालिक की."

"म्हनूनच देते."

पोपटीने वाटी दोन्ही हातांत धरली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिच्या हातावर घर ठेवलं होतं. मग तिने उंबऱ्यावर वाटी आपटली आणि निघालेला तुकडा विठाच्या तळहातावर ठेवला. रीत तिला पाठ होती.

विठाने रिकामी टोपली डोक्यावर घेतली. मागे फीत ओढल्याचा आवाज येत होता. तुकडा चावत, चिंचेला वळसा घालून, ती स्टेशनच्या वाटेला लागली. घरी जाऊन भात शिजवायचा होता.