चवळीच्या मुळांवरच्या गाठी

घरामागच्या तुकड्यावर फरशी घालायची की नाही, हे आज ठरणार होतं. बांधकामाचं उरलेलं सिमेंट पिऊन ती माती इतकी घट्ट बसली होती, की दोन महिन्यांपूर्वी गवंड्याची खुंटी हातोड्याचे घाव खाऊनही आत जाईना.

"इथं काही उगवायचं नाही," सासरे तेव्हा म्हणाले होते. "पोरीला खेळायला गुळगुळीत जागा तरी होईल."

तिने दोन महिने मागून घेतले. दाट चवळी पेरली, मधे वाळका पाला पसरला. झोपलेल्या लेकीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायची सवय तिला होतीच. त्यात आता दिवसातून चार वेळा चवळी बघणं आलं.

आज न राहवून तिने एक रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी. दुसरं उपटलं, तेच. लेक याच मातीत हात घालते आणि तेच हात तोंडात. ती भराभर उपटत सुटली.

"सूनबाई, भांडण झालं का चवळीशी?" सासरे दारात उभे होते. मागे गवंडी, हातात दोरी नि खुंट्या.

"रोग पडलाय, बाबा. घाला फरशी."

गवंड्याने तिच्या हातातलं रोप घेतलं, एक गाठ अलगद सुटी केली नि नखाने फोडली. आतून गुलाबी.

"रोगाने मूळच सुजतं, ताई. ही गाठ वेगळी निघाली बघा. हिच्यातूनच मातीला खत मिळतं. मी परसात मुद्दाम लावतो चवळी. कळ्या आल्या की कापायची नि तिथंच अंथरायची."

"मिस्त्री, हातचं काम घालवताय की."

"मापं तर घेऊ द्या." त्याने खुंटी टेकवली, हातोड्यासाठी मागे हात केला, पण तळहाताच्या नुसत्या दाबाने ती वीतभर आत गेली. सासऱ्यांनी ती उपटून दुसरीकडे स्वतः रोवून पाहिली. मग तिसरीकडे. चष्मा पुसला.

"पायवाटेपुरती घाला," ते म्हणाले. "आणि ते उपटलेलं फेकू नकोस गं. पसर तिथंच."

ती रोपं अंथरत होती, तोवर लेकीने मूठभर माती उचललीच. पोरीचे हात धुवायला ती उठली, मग परत बसली. मूठ तोंडाकडे जाईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं.