ठकुबाईच्या गोळ्या

प्रार्थनेत सावळाराम कधीच डोळे मिटत नाही, हे पूर्णा गावातल्या सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. कोणी टोकलं की म्हणायचा, “तीस वरीस कापडाचा लूम चालवला. तिथं डोळा मिटला का बोट गेलं. येशूला माझी सवय म्हाईत हाय.”

त्या रविवारी सकाळी मंडळीतल्या वैशालीच्या घरी, हॉलमध्ये, बाहेरगावचा एक प्रचारक ब्रदर आला होता. पांढराशुभ्र शर्ट, मधाळ आवाज. त्याने मधोमध प्लास्टिकची बादली ठेवली.

“ज्याचा विश्वास पक्का, त्याने आपली औषधं यात टाकायची. डोळे मिटा. कोणी उघडायचे नाहीत.”

पुढेच हिरव्या साडीत ठकुबाई बसली होती, मुठीत शुगरच्या गोळ्यांची पट्टी. गेल्या वर्षी शुगरपायीच तिच्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. गोळ्या सोडल्या तर पायच जाईल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं.

“हिरव्या साडीतली आई,” ब्रदर सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब बघत म्हणाला, “देव मला तुझा पाय दाखवतोय. शुगर... अंगठा...”

ठकुबाई हुंदके देतच बादलीकडे सरकली.

सावळारामची नजर मात्र दाराकडे गेली. तिथे ब्रदरचा माणूस उभा होता. सकाळी चहा देता देता यानेच सगळ्यांची दुखणी मायेनं विचारली होती. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पण लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्याला आवाज हवा कशाला? तिथे सगळ्या गप्पा ओठ बघूनच चालतात. सावळारामने आरामात वाचलं, ‘खिडकीजवळ. लाल ओढणी. सात वर्षं मूल नाही.’

ठकुबाईही त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता म्हातारी झालेली. तिला बोलवायचं तर सावळाराम रिकामी कांडी फेकून मारायचा आणि शिव्या खायचा. आत्ता खिशात चणे होते. त्याने नेम धरला. टक्! बरोबर कानामागे.

ती गर्रकन वळली. ‘मेल्या!’ तिचे ओठ म्हणाले.

‘शिव्या मागनं दे. दाराकडं बघ,’ त्याचे ओठ म्हणाले.

तिने बघितलं. तो माणूस तेच परत सांगत होता. आणि लगेच ब्रदरचा आवाज घुमला, “खिडकीजवळच्या लाल ओढणीतल्या मुली, सात वर्षं तुझी कूस...”

ठकुबाईचा हात बादलीवरच थांबला. मूठ घट्ट झाली.

“ए ब्रदर!” लूमवाली बाई हळू बोलते कुठे? सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. “आधी दारातल्या तुझ्या मान्साचं तोंड बंद कर. मंग बघू देव तुला काय सांगतोय ते!”

माना दाराकडे वळल्या. त्या माणसाचं तोंड अजून अर्धं उघडंच होतं.

पाहुणे जेवणाला थांबले नाहीत. बादलीही मागेच राहिली.

ठकुबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली. सावळाराम टिंगल करायच्या पूर्ण तयारीत आला होता, पण तिचं तोंड बघून आत गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला.

“मला वाटलं रं सावळ्या, एवढ्या लोकांत देवानं मलाच वळखलं.”

“वळखलंच की, ठकूताय. येशूवर डोळे झाकून विश्वास ठेव. पण त्याचं नाव घेऊन येईल त्याला डोळे उघडून बघत जा.”

“आन् मला वाचवायला धाडलं कोणाला? तुला?”

“रविवारी दुसरा कोणी रिकामा नसंल.”

ती रडता रडता खुदकन हसली. पट्टीतली एक गोळी काढली, त्याच्या हातातल्या ग्लासातलं पाणी घेऊन गिळली. मग त्याच्या खिशात हात घालून उरलेले चणे काढून घेतले.

“डोळ्याला लागला असता मंजे, मेल्या?”