गुरुवारची धूळ

"धुळीला वार कळत नाहीत, मॅडम," कॉम्प्युटरबुवा म्हणाले, आणि माझं डोकंच सणकलं.

बुवा म्हणजे मुख्य कचेरीत हवामानाचं मॉडेल चालवणारे, आज नोंदी तपासायला आमच्याकडे आलेले. आमच्या गच्चीवर एक यंत्र आहे. ते काचेतून आकाशात लेझर सोडतं आणि ढग किती उंच, हवेत धूळ किती, ते मोजतं. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. नऊ वर्षं माझ्या बाबांनी सांभाळल्या, ते रिटायर झाल्यावर दोन वर्षं मी. बुवांचं मॉडेल खरं बोलतं का, हे या नोंदींशी ताडून बघायचं होतं. आणि हे गृहस्थ त्या सगळ्याच बाद करायला निघाले होते!

"दर गुरुवारी दुपारी तुमची धूळ अर्धी होते. शनिवारी परत जागेवर. कसा विश्वास ठेवू यंत्रावर?"

"कारखान्यांना सुट्टी असेल!" मी ठोकून दिलं. मग माझीच मला लाज वाटली. शनिवारी सकाळी काच मीच पुसते, नियमाप्रमाणे, ठरलेलं औषध आणि मऊ फडकं घेऊन. म्हणजे धूळ कमी होत नव्हती, काच मळून यंत्राला कमी दिसत होतं. दर गुरुवारी.

आजही गुरुवारच. बाबा दर गुरुवारी मला भेटायला येतात, चहा पितात आणि "जरा गच्चीत पाय मोकळे करतो" म्हणून वर जातात. आत्ताही वरच होते. दोन-दोन पायऱ्या गाळत मी वर धावले.

बाबा वाकून काचेवर तोंडाची वाफ सोडत होते, चष्म्यावर सोडतात तशी. मग त्यांनी रुमाल काढला. डोक्याचं तेल, मानेचा घाम, सगळं टिपणारा तोच रुमाल.

"अहो बाबा, काय करताय काय!"

"डाग दिसला गं. औषध-फडकं कपाटात, किल्ली तुझ्याकडे. रिटायर माणसाने किल्ली मागायची कशी?"

"आणि नोकरीत असताना?" माझा आवाज चिरकला.

"छे! तेव्हा काचेला रुमाल? नियम म्हणजे नियम." मग त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. "अरे देवा. माझ्यामुळे सगळं वाया गेलं का गं?"

बुवा धापा टाकत वर आले होते. त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला. आम्ही दोघं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"पहिली नऊ वर्षं चोख आहेत," ते जरा ओशाळून म्हणाले. "मी शेवटची दोनच तपासली होती. त्यातलेही गुरुवार ते शनिवार वगळले की झालं."

हुश्श! मी गच्चीवरच फतकल मारली आणि वेड्यासारखी हसत सुटले. जीव भांड्यात पडला अगदी.

बाबा मात्र मान खाली घालून म्हणाले, "आता नाही येत मी गुरुवारी."

"नाही आलात तर बघा! आजपासून काच तुम्हीच पुसायची." मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "आणि तो रुमाल आणा इकडे."

बाबांनी मुकाट्याने रुमाल दिला आणि डोळे शर्टाच्या बाहीला पुसले.