क्लाइव्हची हिमनदी

ग्रेमाउथ येईपर्यंत क्लाइव्हने आगगाडीत समोर बसलेल्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला आपल्या देशातले अख्खे आल्प्स समजावून दिले. खिडकीबाहेर दऱ्या, पूल, बर्फाची शिखरं येत होती, जात होती; पण त्या बिचाऱ्यांना बाहेर बघायची सवड मिळेल तर ना! टिमारू गावात जन्मभर जुन्या मोटारी विकलेला हा माणूस डोंगरही त्याच थाटात विकत होता. तरुणपणी आपण हिमनदी पायी कशी चढलो, वाटाड्यालाच कशी धाप लागली, हे त्याने दोनदा ऐकवलं. शेजारी त्याची बायको नोलीन विणत बसली होती. तेव्हा तीही बरोबर होती. पायथ्याशीच क्लाइव्हला बूट चावला होता आणि तो मोटारीत जाऊन झोपला होता. वर नोलीन गेली होती.

दुसऱ्या दिवशी बसने ते चौघं हिमनदीच्या गावी पोहोचले. बर्फ आता इतका मागे हटलाय की पायी जायची सोयच उरली नाही, हेलिकॉप्टरनेच जायचं. मेरेआना नावाच्या वैमानिक मुलीने सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि नोलीनला पुढची जागा दिली. क्लाइव्हला ते झोंबलं. डोंगर कळणारा माणूस पुढे हवा, असं तो म्हणाला.

"डोंगर कळत असेल तर मागूनही दिसेल, काका," मेरेआना म्हणाली. "पुढे मला हलकं माणूस लागतं."

हेलिकॉप्टर दरीत कललं आणि हेडफोनमधली क्लाइव्हची बडबड एकदम थांबली. नोलीनने वळून पाहिलं. क्लाइव्ह डोळे गच्च मिटून त्या ऑस्ट्रेलियन बाईच्या बाहीला लटकला होता. नोलीनला दया आली नाही. इतकी वर्षं ज्याच्यापुढे आपण तोंड मिटून बसलो तो हा, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाही राग आला.

वर बर्फावर उतरल्यावर क्लाइव्हने एक पाय खाली टाकला, तो घोट्यापर्यंत रुतला, आणि त्याने हेलिकॉप्टरच्या दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली. गुडघा दुखतोय म्हणाला. बाकीचे मेरेआनामागून गेले. नोलीन निळ्याशार भेगेपाशी बराच वेळ उभी राहिली. परतायच्या वेळी क्लाइव्हने एका हाताने दांडी धरूनच मेरेआनाची बर्फाची कुऱ्हाड मागून घेतली आणि हेलिकॉप्टर दिसणार नाही असा फोटो काढायला बायकोला सांगितलं. तिने काढला.

संध्याकाळी पबमध्ये माशांच्या पिल्लांची धिरडी आली, बिअर आली, आणि तो फोटो टेबलावर फिरला. क्लाइव्ह भेगेच्या अगदी काठापर्यंत गेला होता म्हणे, अन् घाबरलेल्या नोलीनला त्याने हात धरून नेलं होतं. ज्यांच्यासमोर घडलं त्यांनाच सांगत होता. त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

नोलीनने काटा खाली ठेवला. "क्लाइव्ह, तू दांडी सोडली नव्हतीस," मीठ मागावं तशा आवाजात ती म्हणाली. "आम्ही सगळे तिथेच होतो."

तो हसला. विरळ हवा हिच्या डोक्यात गेली म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "चारचौघांत बोलायची गरज होती का?"

"होती."

क्लाइव्ह ताट तसंच टाकून खोलीवर गेला. नोलीनने ते पुढे ओढलं आणि उरलेलं धिरडं खाऊन टाकलं. मग तिने त्या ऑस्ट्रेलियन बाईला नाव विचारलं. डॅफ्नी, ती म्हणाली. दोन दिवसांत तिला ते सांगायला जागाच मिळाली नव्हती.