जिन्याच्या दिव्याचे फोटो

फोटो २३. फळा. डावीकडे एक स्विच, उजवीकडे एक स्विच. मधोमध सरांची पाठ, निळा चौकटीचा शर्ट.

वायरिंगच्या वर्गात वही कोण उघडतंय? सरांनी खडू टेकवला की बारा फोन वर, त्यात वहिनीचाही. दिराच्या दुरुस्तीच्या दुकानात ती चार वर्षं तारा जोडत होती, पण कामाच्या कागदावर सही दिराची. परवाना मिळाला की सही तिची. त्यासाठी परीक्षा पास व्हायला हवी, आणि परीक्षेत जिन्याचा दिवा हमखास यायचा: खालून लावायचा, वर जाऊन बंद करायचा.

फोटो ३१. उजळणीचा तास. शर्ट पांढरा. पाठ तीच, जागाही तीच.

"वहिनी, हा अभ्यास आहे की सरांचा अल्बम?" परीक्षेच्या आदल्या रात्री घरी तिचा फोन चाळत नणंद म्हणाली.

फोटो ३२. सर बाजूला झालेत. फळा पुसलाय.

वहिनीने सरळ सरांना फोन लावला, स्पीकरवर. "सर, दोन स्विचमधल्या तारा कशा जातात ते दिसतच नाही. प्रत्येक फोटोत तुम्ही मध्ये."

पलीकडून सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही फळ्याचे फोटो काढत होतात?"

"मग कशाचे?"

"मला वाटलं, माझे. म्हणून तर रोज कडक इस्त्री करून येत होतो."

नणंदेने उशीत तोंड खुपसलं.

सर सावरले. "आकृती पाठवत नाही. तो तेहतिसावा फोटो होईल. दुकानात तीन टोकांचे दोन स्विच असतील ना? घरच्या विजेला हात लावू नका. टॉर्चचे सेल घ्या, बल्ब घ्या, जोडून बघा. जमलं की कागदावर काढा."

यापुढचे फोटो नाहीत. हात रिकामे नव्हते.

एकदा बल्ब खालून लागला, वरून ढिम्म. एकदा लागला तो विझायलाच तयार नाही. "हा तुझ्या भावावर गेलाय," वहिनी नणंदेला म्हणाली.

मग तिने एका स्विचच्या कडेच्या टोकांपासून दुसऱ्याच्या कडेच्या टोकांपर्यंत दोन तारा नेल्या. मधली टोकं उरली: एकाला सेल, दुसऱ्याला बल्ब.

"लाव," ती नणंदेला म्हणाली.

लागला.

"आता मी बंद करते."

विझला. वहिनीने स्विचच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन घेतलं. पहिल्या आकृतीत एक तार चुकली. दुसरीत नाही.

परीक्षा. लाकडी फळीवर जोडणी. परीक्षकांनी एक स्विच दाबला, वहिनीने दुसरा. लागला, विझला. परीक्षकांनी पुन्हा दाबला. पुन्हा. चेहरा गंभीर, बोट मात्र खेळात रमलेलं.

पाचव्या वेळी वहिनीने आपला हात काढून घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं झालं असेल तर गुण लिहा. दुकानात सहीसाठी कागद पडलेत."


त्यांनी लिहिले.