कानामागची काजळी

पाचूबंदरला ईस्टरच्या आधी येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसतं. येशू व्हायला दहाजण दाढी वाढवून तयार असतात, रोमी सुभेदार पिलाताच्या कामासाठी भांडणं होतात, पण सैतान व्हायला कोणी माईचा लाल पुढं येत नाही. येतो एकटा आग्नेल नाखवा. आणि काम असं करतो, की खऱ्या सैतानानं खाली बसून शिकून घ्यावं.

पहिल्या प्रवेशात तो पांढऱ्या झग्यात, सगळ्या देवदूतांत देखणा. मग मान ताठ करून म्हणतो, "मी कोणाची सेवा करणार नाही!" देवदूत मिखाएल त्याला धक्का देतो, तो मंडपामागं कोसळतो, आणि वर येतो तो खोबरेल तेलात कालवलेली तव्याची काजळी तोंडाला फासून, जाळ्याच्या दोराचं शेपूट हलवत. त्याचं ते हसणं ऐकून गावाशेजारच्या किल्ल्यातली वटवाघळं उठली ती थेट अर्नाळ्याला जाऊन टेकली म्हणतात. एका म्हातारीची तर कवळी तिच्या आधी पळाली.

पण एक रीत होती. सैतानाचं बोलणं तोंडात घेतलं, की ते ज्याचं त्याला परत करायचं. नाटक संपलं की सैतानानं कोणाशी न बोलता समुद्रात शिरायचं, तोंड धुवायचं, आणि काठावरच्या मंडळींनी बाप्तिस्म्यातला प्रश्न तीनदा विचारायचा, "सैतानाचा त्याग करतोस?" त्यानं तीनदा म्हणायचं, "करतो." मग घरी जाऊन जेवायचं.

यंदा नाटक संपलं तेव्हा नेमकी ओहोटी. समुद्र असा मागं गेलेला, की पाण्याला भेटायला रिक्षा करावी लागली असती. मध्ये मांडीभर चिखल. आग्नेलचे गुडघे आता गुडघे राहिले नव्हते, नुसती तक्रार होती. त्यानं मंडपातला प्यायच्या पाण्याचा जार उचलला आणि डोक्यावर ओतला.

"नाखवा, हे चालंल?" त्याच्या बोटीवरचा खलाशी ॲल्रॉय म्हणाला.

"पानी ते पानी. विचार लवकर, भूक लागली."

मंडळींनी भरभर विचारलं, यानं भरभर सांगितलं. झालं. आपण काय करून बसलो हे आग्नेलला कळलं नाही. रीत खाऱ्या पाण्याची, आणि जारमधलं पाणी विकतचं, त्यात मीठ कुठून येणार?

पुढच्या आठवड्यात त्याच्या जाळ्यात बोटभर मासळी नाही, नुसते जेलीफिश. इतके, की बोट थरथरत बंदराला आली. तसं सगळ्यांच्याच जाळ्यात तेच होतं. पण मासळी विकणाऱ्या रीटानं टोपली खाली ठेवली आणि आग्नेलच्या मानेकडं बघत राहिली.

"नाखवा, तुझ्या कानामागं काळं काय हाय?"

"तीळ असंल."

"एवढा? तो त्या दिवसाचा रंग हाय. उतरला नाय तुझा!"

आग्नेलनं साबण लावला, रॉकेल लावलं, नारळाच्या काथ्यानं घासघासून कान लाल केला. लाल कानामागं काळं आणखीच उठून दिसायला लागलं. त्याला स्वतःला ते दिसेना. आरशापुढं तो कुत्र्यानं शेपूट धरावं तसा गोल फिरायचा.

"मटिल्डा, खरं सांग. हा तीळ जन्माचाच ना?"

त्याची बायको चष्मा लावून बघत राहिली. "मला नाय आठवत."

"अगं, एवढा संसार केलास माझ्यासंगं!"

"मग? नवऱ्याच्या कानामागं कोन बघत बसतो?"

आग्नेलची आई असती तर तिनं सांगितलं असतं. ती आता चर्चमागं झोपलेली होती आणि साक्षीला उठणार नव्हती.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर चढल्या आणि जिभा समुद्रात उतरल्या. कोणाचं इंजिन बिघडलं, आग्नेलनं बघितलं होतं. कोणाची सोयरीक मोडली, आग्नेल त्या गल्लीतून गेला होता. तो गप्प बसला तर 'काहीतरी शिजवतोय', हसला तर 'तेच हसणं'. त्यानं एकदा ओरडून सांगितलं, "अरे, मी सैतान नाय!" त्यावर रीटा शांतपणे म्हणाली, "सैतान काय सांगनार, मी हाय म्हनून? खोट्याचा बाप तो."



ऑगस्टात बोटी सुटायच्या आदल्या आठवड्यात ॲल्रॉय दारात आला, पण आत येईना.

"नाखवा, माझी बायको सोडत नाय. बाकीचे पन नाय म्हनतात."

"तू काय म्हनतोस?"

"मी तुमच्या हाताखाली शिकलो, दादा." तो पायानं रेती उकरत राहिला. "पन पोरं लहान हायत."

खलाशांशिवाय बोट म्हणजे उन्हात वाळत घातलेलं लाकूड. आग्नेल फादर गॅब्रिएलकडं गेला आणि त्यांच्यापुढं लहान पोरासारखा रडला.

"काजळीनं सैतान चिकटत नाही, आग्नेल," फादर म्हणाले. "देवानं त्याला चांगलाच घडवला होता. तो आपल्या गर्वानं पडला. तो माणसाला ओढून नेऊ शकत नाही, फक्त कानात सुचवू शकतो."

"कानातच ना, फादर?" आग्नेलचा हात कानामागं गेला.

फादरांनी कपाळाला हात लावला. "मी रविवारी बोलतो लोकांशी."

बोलले. फार सुंदर बोलले. सैतानाच्या नावाचाच अर्थ आरोप करणारा, माणसाकडं बोट दाखवणं हेच त्याचं आवडतं काम, आणि आपल्या आग्नेलच्या अंगात मुळीच सैतान नाही, असं वेदीवरून ठणकावून सांगितलं. तोवर अर्ध्या गावाला आग्नेलची भानगड ठाऊकच नव्हती. आता सगळ्यांना कळली. लोक म्हणाले, काही नसतं तर फादर कशाला बोलले असते? आणि आरोप करणारा म्हटल्याबरोबर रीटाला आठवलं, की आग्नेलच तिला एकदा म्हणाला होता, तुझी कोलंबी कालची हाय. म्हणजे जुळलंच की!

त्या दुपारी मटिल्डानं भात वाढला आणि ताटाभोवती हळूच चर्चमधलं तीर्थ शिंपडलं. आग्नेलनं बघितलं. तिनं बघितलं, की यानं बघितलं.

बोटी सुटायच्या दिवशी उजाडताना समुद्र काठोकाठ भरलेला होता. झेंडे, फुलं, इंजिनांची धडधड. आग्नेलची बोट तेवढी किनाऱ्यावर उताणी पडल्यासारखी. त्यानं मटिल्डाचा हात धरला आणि तिला पाण्यापाशी आणलं.

"तेव्हा जे राह्यलं ते आता करतो. तू विचार."

"एकटीच?"

"दुसरा कोन येनार?"

तो छातीभर पाण्यात शिरला, डुबकी मारली, वर आला. मटिल्डानं काठावरून विचारलं, "सैतानाचा त्याग करतोस?"

"करतो!"

तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. आग्नेल निथळत तिच्याजवळ आला आणि मान वळवून उभा राहिला. मटिल्डानं पदराचं टोक ओलं केलं, कानामागं घासलं. वाकून बघितलं. पुन्हा घासलं.

"गेला?"

मटिल्डानं पदर पुन्हा पाण्यात बुडवला.

"गेला काय गं?"

"तू परत जा आत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "परत विचारते."

तो गेला. तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तो आला, तिनं घासलं, आणि पुन्हा त्याला आत धाडलं. ॲल्रॉय दुसऱ्याच्या बोटीवरून इकडं बघत होता. बोट लांब गेली तसं त्यानं तोंड फिरवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

मग ओहोटी लागली. पाणी आग्नेलच्या कमरेला आलं, त्या तक्रारखोर गुडघ्यांना आलं, घोट्यांवरून निसटलं. बघता बघता तो नुसत्या चिखलात उभा होता आणि समुद्र बोटींच्या मागं निघून गेला होता.

"करतो," तो म्हणाला. "अगं, करतो."

काठावरून मटिल्डा विचारतच होती.