फाटा वगळून

सुरभीला मागणी घालायला रजत पहिल्यांदा निंबाळा फाट्यावर गेला, तेव्हा तिच्या बापानं, सदाशिवरावांनी, त्याला घरात घेतलंच नाही. आपल्या चहाच्या हॉटेलशेजारच्या सायकल स्टँडमध्ये दुपारभर बसवून ठेवलं आणि शेवटी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "नकाशे काढून पोट भरते काय कोणाचं?" गिऱ्हाइकं हसली. पुढं सुरभी हट्टाला पेटली, लग्न झालं, सासरे जावयाला मानानं वागवू लागले. रजत मात्र ती दुपार विसरला नाही.

वर्धा-हिंगणघाट पट्ट्याचा आराखडा करायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं. माणसं राहतात एकीकडे, कामाला जातात दुसरीकडे, आणि रोज ये-जा करण्यात डिझेल जळतं. ते कमी कसं होईल हे रजतनं शोधायचं होतं. आसपासच्या खेड्यांतले लोक सायकली, स्कूटर सदाशिवरावांच्या स्टँडवर लावत, चहा पीत आणि हिंगणघाटच्या गिरण्यांची बस धरत. आता बससाठी दोन मार्ग निघाले. एक फाट्यावरून, दुसरा नव्या रस्त्यानं सरळ. सरळ मार्गानं डिझेल वाचत होतं, पण नखभर. साहेब म्हणाले, तुला पटेल तो धर. रजतनं सरळ मार्ग धरला आणि थांबा फाट्यापासून पार लांब, पायी तासभराच्या वाटेवर गेला.

बातमी फुटली तसे सदाशिवराव घरच्या तुरीची डाळ घेऊन सिंदी मेघेला लेकीकडे आले.

"जावईबापू, तुमचा शब्द चालते तिथं. फाटा वाचवा."

हरकतींची मुदत सरली होती, मंजुरीही झाली होती. ते तेव्हाच सांगता आलं असतं. रजत म्हणाला, पाहतो, तुम्ही सह्या गोळा करा. म्हातारा मे महिन्याच्या उन्हात गावोगाव फिरला. मग रजतनं त्यांना एका कचेरीतून दुसरीत धाडलं, दुसरीतून तिसरीत. दर खेपेला सदाशिवराव येऊन कोण काय म्हणालं ते सांगत, रजत मान डोलवत ऐके आणि नवं दार दाखवी. एकदा चक्कर येऊन ते कचेरीच्या जिन्यातच बसून राहिले. ते ऐकून सुरभीनं डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी आहा म्हणून बाबाले आधार आहे." रजतला त्याचीही गोडी वाटली.

दिवाळीनंतर बसगाड्या नव्या रस्त्यानं धावू लागल्या. बघता बघता स्टँड ओस पडलं. सदाशिवरावांनी हॉटेलातली भांडी मोडीत काढली आणि ते लेकीकडे आले. सुरभी आत पोळ्या लाटत होती. त्यांनी जावयापुढं हात जोडले.

"नाई जमलं तं जाऊ द्या. तुमी माह्यासाठी बहुत केलं."

याच घटकेची रजत वाट पाहत होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "फाटा मीच वगळला, मामाजी. ठेवता आला असता. तुमी फिरत होते तेव्हा सारं कधीचंच ठरलं होतं."

"काऊन?"

रजतनं त्या दुपारचं सांगितलं. सदाशिवरावांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. त्यांना काही आठवेना. ते त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि रजतचा संताप उलट वाढला. आता म्हातारा शिव्या देईल, निदान रडेल, म्हणून तो थांबला. सदाशिवरावांनी फक्त स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"सुरभीले नोका सांगू. तिचा तुमच्यावर बहुत जीव आहे."

ताटं घेऊन आलेल्या सुरभीनं विचारलं, काय बोलून राह्यले? जावईबापूंनी किती खटपट केली तेच बोलत होतो, असं बाप म्हणाला. सुरभीनं नवऱ्याच्या भातावर तुपाची धार जरा जास्तच धरली. रजत पोटभर जेवला. सदाशिवराव घास चिवडत राहिले.

जेवणानंतर ती नवऱ्याला म्हणाली, थांब्यापासून बाबाले आता लई चालावं लागते, गाडीनं सोडून द्या ना.

"नोको," सदाशिवराव चपला शोधत म्हणाले. "एका माणसापायी कायले पेट्रोल जाळता."

रजतनं आग्रह केला नाही. बस कुठून मिळेल तेवढं सांगितलं. सुरभी बापाला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली, आणि तो हात धुऊन पंख्याखाली आडवा झाला.